आधार न देता लायसन्स निघतं का? निघतं, पण लेखी मागावं लागतं

प्रश्न थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. विचारणारा मुलगा विट्याजवळच्या गावचा, वय २०, वडील गलाईच्या (सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या) धंद्यामुळं तमिळनाडूत, त्यामुळं आधारवर पत्ता तिकडचा. आता हा आजीजवळ गावी राहतो आणि टू-व्हीलरचं लायसन्स काढायचंय. आधार द्यायचं नाही हे त्याचं तत्त्व, एजंट म्हणतो आधारशिवाय आता काहीच होत नाही, आणि शेवटी त्यानं विचारलंय की अमेरिकेत लोकांनी लायसन्सच्या रिअल आयडीला, म्हणजे केंद्रानं घातलेल्या कडक ओळखीच्या अटींना, वीस वर्षं विरोध केला, मग आपल्याकडं सगळे गप्प का.

मी सांगलीला मोटार अपघाताचे दावे चालवतो, त्यामुळं लायसन्स हा कागद माझ्यासमोर रोज येतो, आणि बहुतेक वेळा कुणीतरी मेल्यावर किंवा लंगडा झाल्यावर येतो. म्हणून मला हा विषय नुसता तत्त्वाचा वाटत नाही. तुमचं तत्त्व मला पटतं हे आधीच सांगतो, पण ते कुठं मांडायचं आणि कसं मांडायचं यावर सगळं अवलंबून आहे.

एजंट म्हणतो ते खरं नाही. आधार लागतं ते घरबसल्या, कार्यालयात न जाता काढायच्या मार्गाला. लायसन्सच्या सरकारी सारथी पोर्टलवर लर्निंगचा फॉर्म भरताना दोन रस्ते दिसतात, एक आधार पडताळणीचा आणि दुसरा आधार पडताळणीशिवायचा. पहिल्यात ओटीपी येतो, नाव पत्ता फोटो आधारवरून आपोआप भरला जातो आणि परीक्षा घरून देता येते. दुसऱ्यात कागद अपलोड करायचे, स्लॉट घ्यायचा आणि कार्यालयात जाऊन परीक्षा द्यायची. आपल्या राज्यात घरबसल्या लर्निंग जून २०२१ मध्ये सुरू झालं, त्याच्या आधी सगळेच दुसऱ्या रस्त्यानं जायचे आणि तो रस्ता बंद केलेला नाही. एजंटला तो नको असतो कारण त्यात तुम्हाला स्वतः जावं लागतं, त्याच्या कॉम्प्युटरवर दहा मिनिटांत काम उरकत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते नीट बघा, कारण खिडकीवर वाद झाला तर हेच उपयोगी पडणार. २६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी आधारचा निकाल दिला, चार विरुद्ध एक. सरकारी तिजोरीतून मिळणाऱ्या सवलती आणि लाभ यांना आधार मागता येईल, पॅनला जोडणं चालेल, पण बँक खातं आणि मोबाईल यांची सक्ती रद्द. लायसन्स ही काही सवलत नाही, फी भरून आणि परीक्षा देऊन मिळवायची परवानगी आहे. त्यानंतर २०१९ ला आधार कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम ४ मध्ये दोन महत्त्वाची पोटकलमं आली. पोटकलम ७ म्हणतं की पडताळणी सक्तीची करायची असेल तर संसदेनं केलेल्या कायद्यात तसं पाहिजे. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये तसं कुठंही लिहिलेलं नाही. आणि पोटकलम ६ म्हणतं की जो कुणी पडताळणी मागतो त्यानं ओळखीचा दुसरा पर्याय सांगितला पाहिजे, आणि माणसानं पडताळणीला नकार दिला किंवा त्याला ती जमली नाही म्हणून सेवा नाकारायची नाही. नकार दिला, हा शब्द कायद्यातच आहे, हे लक्षात ठेवा.

हे लक्षात ठेवा असं का म्हणतो, तर रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या ज्या अधिसूचना आहेत, मार्च २०२१ ची अठरा सेवांची आणि सप्टेंबर २०२२ ची ५८ सेवांची, त्यात आधार पडताळणी स्वेच्छेची आहे असं म्हटलंय. पण २०२२ वाल्यात पुढं असंही आहे की ज्याच्याकडं आधार क्रमांक नाही त्यानं कार्यालयात जाऊन दुसरा कागद दाखवून सेवा घ्यावी. खिडकीवरचा माणूस नेमकं इथंच अडवतो, तुमच्याकडं आधार आहे ना, मग द्या की. त्याला उत्तर हे की पडताळणी स्वेच्छेची आहे हे त्याच अधिसूचनेत आहे आणि ज्याच्याकडं आधार आहे पण वापरायचं नाही त्याची सोय कलम ४(६) नं केलेली आहे, आणि अधिसूचना कायद्याच्या वर जात नाही. हे शांतपणे सांगायचं, आवाज चढवून नाही, कारण त्या खुर्चीवरच्या माणसाला वरून जे तोंडी सांगितलेलं असतं तेवढंच तो बोलत असतो.

बऱ्याच लोकांच्या डोक्यात सक्ती आहे असं बसलंय ते एका घोषणेमुळं. जानेवारी २०१९ मध्ये तेव्हाचे कायदामंत्री रविशंकर प्रसाद यांनी विज्ञान काँग्रेसमध्ये सांगितलं होतं की लायसन्स आधारला जोडणं सक्तीचं करणारा कायदा आणणार. ते भाषण सगळीकडं फिरलं. तसा कायदा काही झाला नाही, पण भाषण लोकांच्या लक्षात राहिलं.

तुमच्या बाबतीत तर दुसरा रस्ता तत्त्वासाठीच नाही, सोयीसाठी पण बरा आहे. आधारवरून भरला तर पत्ता तमिळनाडूचा येणार आणि तो फॉर्ममध्ये बदलता येत नाही. खानापूर, आटपाडी, तासगाव या पट्ट्यातल्या गलाईवाल्यांच्या घरात हा घोळ घरोघरी आहे. माणूस तिकडं दुकानात, रेशनकार्ड इकडं, मतदार यादीत नाव इकडं, आधार तिकडं कारण तिकडं बँकेनं मागितलं म्हणून तिथंच काढलं. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चा नियम ४ काढून वाचा, पत्ता आणि वयाच्या पुराव्याची यादी तिथं आहे. मतदार यादी, एलआयसीची पॉलिसी, पासपोर्ट, सरकारी किंवा स्थानिक संस्थेच्या नोकरीची पगार पावती, शाळेचा दाखला, जन्माचा दाखला. यातलं काहीच देता येत नसेल आणि त्याला पुरेसं कारण असेल तर नोटरीसमोर किंवा कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोर केलेलं प्रतिज्ञापत्र अधिकारी मान्य करू शकतो. तुमचं नाव गावच्या मतदार यादीत असेल आणि शाळा सोडल्याचा दाखला असेल तर पत्ता आणि वय दोन्ही भागलं. नाव यादीत नसेल तर आधी ते घालून घ्या, १८ पूर्ण झाल्यावर ते करायलाच पाहिजे होतं.

आता समजा तरीही नाही म्हटले. इथं सगळे चुकतात. नाही म्हटलं की लोक घरी येतात, गावात चार जणांना सांगतात, किंवा एजंटला पैसे देऊन मोकळे होतात. तोंडी नकाराला कायद्यात काडीची किंमत नाही, ना तुमच्या बाजूनं ना त्यांच्या. मोटार वाहन कायद्याचं कलम १७ असं आहे की लर्निंग किंवा पक्कं लायसन्स नाकारायचं असेल तर अधिकाऱ्यानं लेखी आदेश काढून कारण द्यायचं, आणि तो आदेश हातात पडल्यापासून ३० दिवसांत वरच्या अधिकाऱ्याकडं अपील करता येतं. शिवाय महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क कायदा २०१५ आहे, त्यातही अर्ज फेटाळला तर कारण लेखीच द्यावं लागतं. म्हणून तुम्ही भांडायचं नाही, फक्त म्हणायचं की साहेब, आधार नाही म्हणून अर्ज नाकारला एवढं लिहून द्या. मी जिथं जिथं पक्षकाराला हे वाक्य म्हणायला सांगितलंय तिथं बऱ्याचदा काम तिथंच झालंय, कारण असा आदेश स्वतःच्या सहीनं काढायला कुणीच तयार होत नाही. लिहून देणार नसतील तर तुमचाच अर्ज आवक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक नंबर घ्या. शिक्का पण देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा, पोचपावती जपून ठेवा.

अमेरिकेचं विचारलंत त्याबद्दल सांगतो, कारण त्यातनं शिकण्यासारखं आहे पण तुम्ही समजताय ते नाही. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर नेमलेल्या आयोगानं ओळखपत्रांचे निकष कडक करा असं सुचवलं. मे २००५ मध्ये रिअल आयडी कायदा झाला आणि तो झाला कसा, तर इराक-अफगाणिस्तानच्या युद्धखर्चाच्या आणि त्सुनामीच्या मदतीच्या विधेयकाला चिकटवून. त्या विधेयकाला सिनेटमध्ये कोण नाही म्हणणार, एकही मत विरोधात पडलं नाही. लायसन्स तिकडं राज्यं देतात, केंद्रानं सांगितलं की जन्मदाखला, सोशल सिक्युरिटी नंबर, पत्त्याचे दोन पुरावे, देशात कायदेशीर राहत असल्याचा पुरावा बघा, कागद स्कॅन करून साठवा, राज्याराज्यांच्या नोंदी एकमेकांना उघडून द्या, आणि खर्चाचा मोठा वाटा राज्यांवरच. जानेवारी २००७ मध्ये मेन राज्याच्या विधिमंडळानं पहिल्यांदा ठराव करून नाही म्हटलं, मग मोंटाना धरून एकेक करत वीसपेक्षा जास्त राज्यांनी ठराव किंवा कायदे केले. गंमत म्हणजे त्यात डावेही होते आणि उजवेही. मूळ मुदत मे २००८ ची होती, ती पुढं ढकलत ढकलत विमानतळावर अंमल सुरू झाला ७ मे २०२५ ला.

विरोधानं कायदा रद्द झाला का, तर नाही. पण दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे वेळ मिळाला आणि त्या वेळात लोकांनी आक्षेप नोंदवले. दुसरी जास्त महत्त्वाची, बऱ्याच राज्यांनी दोन प्रकारची लायसन्स ठेवली, एक केंद्राच्या निकषाचं आणि एक साधं. साधं घेतलं तर गाडी चालवता येते, फक्त विमानात बसायला पासपोर्ट किंवा दुसरं मान्य ओळखपत्र न्यावं लागतं. म्हणजे ज्याला कागद द्यायचे नाहीत त्याचं वाहन चालवणं कुणी काढून घेतलं नाही. आपल्याकडं तीच जागा नियम ४ ची आहे. ती जागा आजही आहे, नुसती वापरात कमी झालीय, आणि वापर बंद पडला की एक दिवस पोर्टलवरचं ते दुसरं बटन काढून टाकतील आणि म्हणतील कुणी वापरतच नव्हतं. तुमच्यासारख्यानं त्या रस्त्यानं अर्ज करून लायसन्स मिळवणं हाच मला सगळ्यात कामाचा विरोध वाटतो.

उलट कॅनडात काय झालं तेही ऐका. अल्बर्टा प्रांतात हटराइट नावाचा ख्रिस्ती पंथ आहे, वसाहती करून एकत्र शेती करतात, आणि फोटो काढून घेणं त्यांच्या धर्माज्ञेविरुद्ध आहे. त्यांना बिनफोटोचं लायसन्स मिळायचं. २००३ ला सरकारनं नियम बदलून सगळ्यांचे फोटो चेहरा ओळखणाऱ्या डेटाबेसमध्ये घालायचं ठरवलं. खालच्या दोन्ही कोर्टांत पंथवाले जिंकले आणि २००९ ला सुप्रीम कोर्टात चार विरुद्ध तीन असे हरले. बहुमताचं म्हणणं असं की गाडी चालवणं हा हक्क नाही, तुम्ही बाहेरचा ड्रायव्हर ठेवू शकता. त्याच्या आधी अमेरिकेत नेब्रास्काच्या एका बाईचं अगदी असंच प्रकरण होतं, तिनंही धर्मासाठी फोटोला नकार दिला होता, आणि ती १९८५ ला जिंकली, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात मतं समसमान पडल्यामुळं खालचा तिच्या बाजूचा निकाल कायम राहिला. ड्रायव्हर ठेवा हे वाक्य मला फार खटकतं. जत किंवा माणच्या आतल्या गावात जिथं एसटी दिवसातनं दोनदा येते तिथं दूध घालायला, दवाखान्याला, कॉलेजला जाणाऱ्या माणसाला लायसन्स नाही म्हणजे त्याचं निम्मं आयुष्य बंद. म्हणून गाडी चालवणं हक्क नाही असं कोर्टात म्हणणं सोपं आहे, पण त्यासाठी मागितलेला प्रत्येक कागद हा खरोखर गरजेचा आहे का हे तपासलंच पाहिजे.

सरकारची बाजू अगदीच पोकळ नाही, ते पण लिहितो. दोन राज्यांत दोन लायसन्स काढणारे, एका राज्यात रद्द झालं की दुसरीकडं नवं घेणारे, ट्रकवर बोगस लायसन्स घेऊन फिरणारे, हे सगळं मी दाव्यांमध्ये पाहतो. सुप्रीम कोर्टाच्या रस्ता सुरक्षा समितीपुढंही बोगस लायसन्सचा विषय होता. पण सारथीचा डेटा जवळजवळ सगळ्या देशाचा एकत्र आहे, नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, फोटो यावरून दुसरं लायसन्स पकडता येतं. आणि आधारनं फक्त माणूस कोण ते कळतं, त्याला क्लच सोडता येतो का ते कळत नाही. उलट घरबसल्या लर्निंगमध्ये काय चालतं हे सगळ्यांना माहीत आहे, ओटीपी एजंटला सांगितला की परीक्षा त्याच्या दुकानात कुणीतरी देतं. ओळख पक्की आणि परीक्षा बोगस, याला सुरक्षा म्हणायचं का?

आता खाजगीपणाची तुमची काळजी. तुम्ही सर्व्हर, पाळत वगैरे लिहिलंय, ती काळजी रास्त आहे, ऑगस्ट २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमतानं सांगितलंय. पण आपल्या भागात मला जास्त धोका दिसतो तो झेरॉक्सच्या टेबलावर. कुठल्याही सरकारी कार्यालयाच्या बाहेर छत्री लावून बसलेले लोक असतात, त्यांच्या पिशवीत शेकडो लोकांच्या आधारच्या झेरॉक्स, मोबाईलच्या व्हॉट्सअॅपवर फोटो, वर्षानुवर्षं तशाच. एका पक्षकाराच्या अशाच झेरॉक्सवर कुणीतरी सिमकार्ड घेतलं होतं आणि पोलिस दारात आल्यावर त्याला कळलं. म्हणून ज्यांना आधार द्यायचंच आहे किंवा द्यावं लागतंय त्यांनी पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार काढावं, झेरॉक्सवर आडवं लिहावं की फक्त लायसन्ससाठी, तारीख घालावी, सही करावी. बायोमेट्रिक लॉक करून ठेवता येतं, कुठं कुठं पडताळणी झाली त्याची हिस्ट्रीपण आधारच्या साईटवर दिसते, महिन्या दोन महिन्यांनी बघत जा. आणि ओटीपी कुणाला सांगायचा नाही, एजंट ओळखीचा असला तरी.

आधारवर जे छापलंय ते बरोबरच असतं असं धरून चालायचं नाही, हे माझ्या धंद्यातलं सगळ्यात मोठं दुखणं आहे. आपल्याकडं जुन्या लोकांची जन्मतारीख १ जून असते, मास्तरांनी शाळेत घालताना टाकलेली. आधार काढताना तर काहींनी अंदाजे वय सांगितलं. अपघाताच्या दाव्यात भरपाई वयावर ठरते, ४१ ते ४५ ला गुणक (वर्षाच्या कमाईला ज्यानं गुणतात तो आकडा) १४ आणि ४६ ते ५० ला १३, म्हणजे एक वर्ष इकडंतिकडं झालं की घरच्यांचे लाखभर रुपये जाऊ शकतात. हरियाणातल्या एका दाव्यात नेमकं असंच झालं, ट्रिब्युनलनं शाळेच्या दाखल्यावरून वय ४५ धरलं, हायकोर्टानं आधारवरून ४७ धरून रक्कम कमी केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं शाळेचा दाखला मानला आणि आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही असं सांगितलं. आधारवाल्या प्राधिकरणाचं स्वतःचं परिपत्रकही तेच म्हणतं. तुमच्याकडं शाळेचा दाखला आहे तर लायसन्सवर तीच तारीख जाऊ द्या, पुढं कधी कामाला येईल सांगता येत नाही.

आणि ऊसतोडीला येणारी माणसं बघा, कोयता धरून बोटांच्या रेषा राहिलेल्या नसतात, आधारला जोडलेला मोबाईल नंबर कधीच बंद पडलेला असतो. त्यातला एखादा ट्रॅक्टर चालवतो. त्याला आधारच्या रस्त्यानं लायसन्स मिळत नाही, दुसरा रस्ता आहे हे कुणी सांगत नाही, आणि ट्रॅक्टर तर चालवायचाच असतो, कारखाना थांबत नाही. मग फडातनं निघालेल्या दोन ट्रॉल्यांखाली कुणी सापडलं की विमा कंपनीचा पहिला बचाव असतो, ड्रायव्हरकडं वैध लायसन्स नव्हतं. सुप्रीम कोर्टाच्या २००४ च्या स्वर्णसिंग निकालानंतर कोर्ट बऱ्याचदा कंपनीला आधी पैसे द्यायला लावतं आणि मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. म्हणजे मेलेल्याच्या घरी काहीतरी पोचतं, पण ट्रॅक्टरमालकाच्या जमिनीवर बोजा चढतो. हे सगळं एका ओटीपीपायी. ओळखीच्या अटींना विरोध करायचा तो या माणसांसाठी करायचा, कारण तुम्ही दोन फेऱ्या मारून, कलम दाखवून तुमचं काम करून घ्याल, तो नाही करू शकत. २०१९ पर्यंत मालवाहू गाडीच्या लायसन्सला आठवी पासची अट होती, लिहिता न येणारे पण हात बसलेले कितीतरी ड्रायव्हर त्यामुळं बाहेर राहत होते. ती अट सरकारनं काढली. अटी निघू शकतात, जिथं त्यांचा रस्त्यावरच्या सुरक्षेशी संबंध नाही हे दाखवता येतं तिथं.

तुम्ही आत्ता काय करायचं ते सांगतो. पोर्टलवर आधारशिवायचा पर्याय निवडा, मतदार यादीतला उतारा आणि शाळेचा दाखला जोडा, फी भरा, लर्निंगला प्रत्येक प्रकारच्या वाहनाला १५० आणि परीक्षेचे ५० असा केंद्राचा दर आहे, एजंट हजार-दीड हजार म्हणेल तो त्याचा. स्लॉटच्या दिवशी मूळ कागद आणि एक अर्ज सोबत ठेवा. अर्जात चारच ओळी पुरे, मी नियम ४ प्रमाणे पत्ता आणि वयाचे पुरावे दिले आहेत, आधार कायदा कलम ४(६) प्रमाणे मी आधार पडताळणीला संमती देत नाही, अर्ज नाकारायचा असल्यास मोटार वाहन कायदा कलम १७ प्रमाणे कारणासह लेखी आदेश द्यावा, खाली नाव, सही, तारीख. तो आधीच काढून दाखवायचा नाही, अडवलं तरच द्यायचा. लर्निंग मिळालं की सहा महिने चालतं, ३० दिवसांनी पक्क्याला अर्ज करा आणि तिथंही हाच रस्ता धरा.

तोपर्यंत गाडी एकट्यानं बाहेर काढू नका. लर्निंगवर मागं पक्कं लायसन्सवाला शिकवणारा बसलेला पाहिजे आणि गाडीला पुढं मागं एल लावलेला पाहिजे. आणि अर्ज नाकारल्याचा आदेश हातात आला तर ३० दिवस मोजायला लागा, तो कागद कुठल्याही वकिलाला दाखवा, अपील मुदतीतच गेलं पाहिजे.